आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचा इंधनाचा टँक गळतोय की हवा ओढतोय? नवीन लोकांसाठी सगळं स्टेप बाय स्टेप

माझं पहिलं ग्लो इंजिनवालं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, ४६ साइजचं (०.४६ घन इंच) इंजिन, पंख साधारण दीड मीटरचे, तीन रविवार सलग एकच नाटक करत होतं. जमिनीवर इंजिन मस्त ओरडायचं, टेकऑफ झकास, आणि नाक वर करून जरा चढायला लागलं की आवाज बारीक होत होत फुस्स. मी काय काय केलं नाही, नवा ग्लो प्लग टाकला, इंधनाचा कॅन बदलला, नीडल, म्हणजे इंजिनला किती इंधन जावं ते ठरवणारा स्क्रू, तर इतक्या वेळा फिरवली की मूळ सेटिंग काय होतं तेच विसरलो. चौथ्या रविवारी फील्डवरच्या एका काकांनी विमान उचललं, कानाजवळ नेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं आणि म्हणाले, "अरे, तुझा क्लंक वाजतच नाहीये. नीडलला कशाला छळतोयस उगाच?"

क्लंक म्हणजे टँकच्या आत इंधनाच्या मऊ नळीच्या टोकाला असलेलं वजन, इंधन जिकडे जाईल तिकडे ते नळीचं तोंड नेतं. घरी आणून टँक काढला तर आत क्लंकची नळी दुमडून पुढे येऊन अडकलेली, महिनाभरापूर्वी नाकावर उतरवलं होतं त्याचा प्रताप. आणि बोनस म्हणून स्टॉपरच्या, म्हणजे टँकच्या तोंडातल्या रबरी बुचाच्या, खालचा बाल्सा (विमानाचं हलकं लाकूड) तेलाने काळा पडून मऊ झालेला, म्हणजे गळतही होतंच, मला पत्ताच नव्हता. तेव्हापासून माझे आणि मित्रांचे मिळून बरेच टँक उघडून झालेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं.

हे सगळं ग्लो इंजिनसाठी आहे, म्हणजे मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रो असलेलं इंधन. पेट्रोल इंजिन असेल तर नळी आणि स्टॉपर दोन्ही वेगळे लागतात, ते खाली येईलच.

१. आधी खात्री करा की दोष टँकचाच आहे

गळती दोन प्रकारची असते. एक बाहेर येणारी: विमानाचं पोट चिकट, कव्हरिंग फुगलेलं किंवा सुटायला लागलेलं, हॅच उघडली की इंधनाचा वास, फोम ओला. ही दिसते त्यामुळे सोपी. दुसरी आत हवा घेणारी: बाहेर एक थेंब नाही, सगळं कोरडं ठणठणीत, पण टँकच्या आतल्या नळीला सुईएवढं भोक पडलेलं असतं आणि इंधनाची पातळी त्या भोकाच्या खाली गेली की इंजिन इंधनासोबत हवा ओढतं. म्हणून पहिली चार-पाच मिनिटं विमान छान उडतं आणि टँक अर्धा झाला की नखरे सुरू. नवीन माणूस याला नीडलचा प्रॉब्लेम समजतो, मीही समजलो होतो.

तपासायचं कसं? इंजिन चालू असताना टँकपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या पारदर्शक नळीकडे बघा. मोठे मोठे बुडबुडे ठरावीक अंतराने येत असतील तर कुठेतरी हवा शिरतेय. सोड्यासारखे बारीक बारीक असंख्य बुडबुडे असतील तर बहुतेक गळती नाहीये, टँकला फोम नीट नाही म्हणून व्हायब्रेशनने इंधन घुसळलं जातंय. मग नाक वर करून बघा: एकाने विमान मागून घट्ट धरायचं, थ्रॉटल फुल, नाक हळूहळू वर. आवाज किंचित बदलला तर चालतं, इंजिन बंद पडायला लागलं तर संशय पक्का. प्रोपेलरच्या समोर किंवा बाजूला त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, फोटो काढणारा भाचा तर अजिबात नाही.

अजून एक खात्रीची टेस्ट म्हणजे दुसरा चांगला टँक बाहेरून, त्याच उंचीवर हातात धरून जोडायचा आणि इंजिन चालवायचं, पण प्रोपेलरच्या मागे उभं राहूनच. आता नीट चाललं तर तुमचा टँक दोषी. तरीही तसंच झालं तर नीडलची ओ रिंग, कार्ब्युरेटरचा जॉइंट, इंजिनची बॅकप्लेट तिकडे बघा आणि हा लेख बंद करा.

२. सामान

- इंजेक्शनची मोठी सिरिंज, ५० किंवा ६० मिलीची, सुई नको. मेडिकलवर मिळते.
- ग्लो इंधनाची सिलिकॉन नळी, मीटरभर. साध्या ट्रेनरला आतून साधारण अडीच मिलिमीटरची मीडियम साइज चालते.
- नवा स्टॉपर सेट किंवा सरळ नवा टँक. पुढचं वाचून ठरवा.
- ३.२ मिलिमीटर म्हणजे एक अष्टमांश इंच बाहेरच्या मापाची पितळी नळी. बहुतेक टँकसोबत येते.
- बारीक कानस, पॉलिश पेपर, स्क्रू ड्रायव्हर, बारीक केबल टाय.
- मऊ फोम, टिश्यू पेपर, कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर.
- ३० मिनिटवालं एपॉक्सी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल.
- नायट्राइल हातमोजे, पाण्याची बादली, मार्कर, मोबाइल.

मोबाइल फोटोंसाठी. हसू नका, नळ्या सुटल्यावर कुठली कुठे होती ते नंतर कुणालाच आठवत नाही.

३. इंधन काढा, आणि ते काय आहे हे लक्षात ठेवा

मिथेनॉल हे विष आहे, हे मी घाबरवायला सांगत नाहीये. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलमुळे. त्यामुळे नळीला तोंड लावून फुंकणं किंवा ओढणं पूर्ण बंद, "मी तर नेहमी असंच करतो" म्हणणारे प्रत्येक फील्डवर असतात, त्यांचं ऐकू नका. ते कातडीतूनही शरीरात जातं म्हणून हातमोजे. आणि त्याची ज्योत फिकट निळी असते, उन्हात जवळजवळ दिसतच नाही, तेव्हा काम गॅलरीत किंवा अंगणात करा, देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस, सगळ्यापासून लांब, बादली शेजारी ठेवा.

सिरिंजने टँक पूर्ण रिकामा करा. काढलेलं इंधन पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका, घरात लहान मुलं असोत नसोत. मूळ कॅनमध्येच टाका, घाण दिसत असेल तर वेगळ्या कॅनवर मोठ्ठं लिहून ठेवा.

४. टँक बाहेर काढा

आधी फोटो. मग पंख काढा, बॅटरी आणि रिसीव्हर आडवे येत असतील तर तेही. कार्ब्युरेटरची आणि मफलरची नळी इंजिनच्या बाजूने सोडवा. आता एक युक्ती, जी मला तिसऱ्या टँकला कळली: नळ्यांच्या बाहेरच्या टोकांना लांब दोरा बांधून मगच टँक मागे ओढा. दोरा फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन जिला बसवलेलं असतं त्या पुढच्या लाकडी भिंतीच्या, भोकातून आरपार राहतो आणि परत बसवताना नळ्या त्याच दोऱ्याने ओढून घेता येतात, नाहीतर चिमटा घेऊन अंधाऱ्या भोकात अर्धा तास मासेमारी.

टँकचं तोंड फायरवॉलमध्ये सीलंटने चिकटवलेलं असेल तर जोर लावून पिळू नका, मान तिथेच तडकते. पातळ ब्लेडने सीलंट कापत गोल फिरा. काही किटमध्ये टँक आधी ठेवून मग वरून फळी चिकटवलेली असते, तिथे दुसरा इलाज नाही, खालून नीट चौकोन कापून हॅच करायची आणि नंतर स्क्रूने बसवायची. जिवावर येतं, पण पुढच्या वेळी स्वतःलाच दुवा द्याल.

बाहेर आल्याबरोबर टँकवर मार्करने "वर" असं लिहा. कारण खाली कळेल.

५. पाण्यात टेस्ट

टँक कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने आतबाहेर धुवा. मफलरकडे जाणाऱ्या नळीच्या तुकड्यात एक स्क्रू घुसवून ती बंद करा, तिसरी फिलिंगची नळी असेल तर तीही. इंधनाच्या नळीला सिरिंज जोडा, टँक बादलीत बुडवा, आणि साधारण २०-३० मिली हवा हळूच आत ढकला. जास्त नको, फुगवायचा नाहीये.

आता घाई न करता बघा. टँकला बाहेरून चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून टाका, नाहीतर तेच गळती वाटतात. माझ्या टँकला मानेच्या एका बाजूने मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक, माळेसारखे, सावकाश वर येत होते, पाच सेकंदाला एक वगैरे. एवढ्याशा गळतीने अख्खं फायरवॉल भिजवलं होतं. मान, स्टॉपरमधल्या नळ्यांची भोकं, मधला स्क्रू आणि टँकच्या कडेने जाणारी शिवण, चारही जागा बघा.

इथेच बरेच लोक थांबतात आणि फसतात. या टेस्टमध्ये आतली क्लंकची नळी तपासली जातच नाही, कारण ती टँकच्या आत आहे, तिला भोक असलं तरी हवा आतच राहते. म्हणून स्टॉपर बाहेर काढा, क्लंकचं तोंड बोटाने घट्ट दाबा, दुसऱ्या टोकाने सिरिंजने हवा द्या आणि फक्त ती नळी पाण्यात धरा. एका मित्राची नळी नुसत्या डोळ्यांनी नवीकोरी दिसत होती, ताणून धरली तेव्हा पितळी नळीची कड जिथे संपते बरोब्बर तिथे बारीक चीर उघडली. कारण काय तर पितळी नळीची कापलेली कड धारदार राहिली होती, ती सिलिकॉनला रोज थोडी थोडी करवतत होती.

६. काय सापडलं त्यावर इलाज

*मानेतून गळतंय.* मधला स्क्रू सैल असेल तर थोडा आवळा. स्टॉपरच्या पुढे-मागे चकत्या असतात, स्क्रू आवळला की रबर दबून फुगतं आणि मानेला घट्ट बसतं, एवढीच यंत्रणा. रबर बाहेर जरासं फुगलेलं दिसलं की थांबा. जास्त आवळलं तर मान चिरते किंवा रबरच तिरकं होऊन नवीन जागेतून गळतं. रबर कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर नवीन स्टॉपर घ्या.

*नळ्यांच्या भोकातून गळतंय.* नवीन स्टॉपर. भोवती सीलंट थापून बघितलंय मी, दोन रविवार टिकलं.

*आतली नळी फाटलीय किंवा कडक झालीय.* फक्त नळी बदला, पन्नास-शंभर रुपयांचं काम. पण आधी पितळी नळीची टोकं कानस आणि पॉलिश पेपरने गोल गुळगुळीत करा, ओठावर फिरवली तर बोचता कामा नये. बरं, ओठावर फिरवण्याआधी धुवा.

*शिवण किंवा अंग तडकलंय.* टँक फेकून द्या. हे टँक पॉलिइथिलीनचे असतात आणि त्या प्लास्टिकला एपॉक्सी, फेविक्विक, सिलिकॉन, काहीही धरत नाही. चिकटल्यासारखं वाटतं, वाळल्यावर नखाने पापुद्रा निघतो. गरम सोल्डरिंग आयर्नने वितळवून जोडणारे महाभाग आहेत, पण आत मिथेनॉलची वाफ असू शकते, तेव्हा ते धाडस नकोच. नवा टँक इंधनाच्या एका कॅनपेक्षा स्वस्त पडतो.

७. नवा टँक जोडताना

साइज: ४० ते ४६ च्या इंजिनला ८ ते ११ औंस, म्हणजे २४० ते ३२० मिली. साधारण एक औंसाला एक मिनिट उड्डाण असा हिशोब धरतात, थ्रॉटल कमी ठेवला तर जास्त. मोठा टँक बसतोय म्हणून घेऊ नका, भरलेल्या टँकचं वजन नाकात जातं. जुन्याच मापाचा घ्या, लांबी-रुंदी-उंची मोजून, कारण डब्यावर औंस सारखे असले तरी आकार वेगळा असतो.

नळ्या: एक इंधनाची, ही सरळ आत जाते आणि तिला क्लंकची सिलिकॉन नळी लागते. दुसरी हवेची, म्हणजे मफलरकडून प्रेशर आणणारी, ती आत गेल्यावर वर वाकवायची, टोक टँकच्या छताला जवळजवळ टेकेल इतकं, पण टेकून बंद होणार नाही असं. ती खाली वळली तर टँक अर्धाच भरेल आणि तुम्हाला वाटेल इंजिन जास्त पितंय. "वर" असं लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी, स्टॉपर आवळताना सगळं अर्धा फेरा फिरतं आणि कळतही नाही.

वाकवताना पितळी नळी चपटी होते, म्हणून वाकवण्याची स्प्रिंग वापरा. ती नसेल तर नळी सुटी असताना, रिकाम्या जागी लालसर तापवून गार होऊ द्या, मग मऊ होते आणि हाताने सावकाश वळते. स्टॉपरमध्ये असताना तापवू नका, सांगायला नको पण सांगतो.

क्लंकची लांबी हीच सगळ्यात नाजूक गोष्ट. टँक उभा धरला, मान वर, की क्लंक तळापासून पाच-सहा मिलिमीटर वर लटकला पाहिजे. टेकला तर तळाला चिकटून इंधन अडतं, फार आखूड ठेवला तर शेवटचं इंधन मिळत नाही. जोडून झाल्यावर टँक कानाजवळ हलवा, टक टक असा मोकळा आवाज आला पाहिजे, क्लंक हे नावच त्या आवाजावरून पडलंय. नाकावर उतरल्यावर क्लंक पुढे दुमडू नये म्हणून मी सिलिकॉन नळीच्या मध्यात पितळी नळीचा एक छोटा तुकडा घालतो. वर-खाली डोलते पण उलटी फिरत नाही. स्टंट करणाऱ्यांनी मात्र हे करू नका, विमानाचं नाक सरळ खाली असताना क्लंकला पुढे यावं लागतं.

पेट्रोलवाल्यांसाठी: पेट्रोलमध्ये सिलिकॉन नळी फुगते आणि सुटून येते, तिथे टायगॉनसारखी पेट्रोलची नळी आणि पेट्रोलचाच स्टॉपर लागतो. उलट गफलतही करू नका, दोन्ही पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा.

सगळं जोडल्यावर पाचव्या पायरीची टेस्ट परत करा. नवा टँक आहे, पाकिटातून आत्ता काढलाय, तरी करा. माझा एक नवा टँक पहिल्याच बुडवणीत शिवणीतून फसफसला होता.

८. भिजलेलं लाकूड

टँकपेक्षा याला जास्त वेळ जातो आणि हेच लोक टाळतात. तेल मुरलेल्या बाल्सावर कुठलाच गोंद धरत नाही, आणि फायरवॉल सुटलं तर इंजिन हवेतच रजा घेतं. अंगठ्याने दाबून बघा, स्पंजासारखं लागलं किंवा जोडातून कडकड आवाज आला तर तो भाग बदलायचा, पुसत बसायचं नाही.

लाकूड घट्ट असेल तर आधी टिश्यूने टिपा, मग कॉर्नफ्लोअरचा जाड थर द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी ते पिवळट ओलं होऊन ढेकळं धरतं, थालीपिठाच्या भिजवलेल्या पिठासारखं. झटका, परत नवीन थर. पांढरं पांढरंच राहायला लागेपर्यंत. माझ्या ट्रेनरला चार रात्री लागल्या आणि स्वयंपाकघरातून पुडा गायब झाल्याबद्दल जे ऐकावं लागलं ते वेगळं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन दिवस उघडं ठेवा.

पूर्ण सुकल्यावर ३० मिनिटवालं एपॉक्सी अल्कोहोलचे थोडे थेंब घालून पातळ करा आणि टँकची अख्खी खोली आतून ब्रशने रंगवा, फायरवॉलची भोकं, स्क्रूची भोकं, कोपरे, सगळं. ५ मिनिटवालं नको, अर्धी खोली होईपर्यंत ब्रश कडक होतो. हे आधीच, विमान नवं असतानाच केलं असतं तर हा आख्खा परिच्छेद लिहायची वेळ आली नसती.

९. परत बसवणं

टँकला चारी बाजूंनी मऊ फोम, सैलसर, लाकडाला कुठेही थेट टेकता कामा नये. कोंबून भरला तर फोमचा उपयोग शून्य, व्हायब्रेशन सरळ टँकला.

उंची बघा: टँकची मधली रेष नीडलच्या पातळीत किंवा तिच्या सहा ते दहा मिलिमीटर खाली. टँक वर राहिला तर इंधन आपोआप इंजिनमध्ये झिरपतं आणि स्टार्ट करताना इंजिन भरून जाम होतं, फार खाली राहिला तर नाक वर केल्यावर इंजिन उपाशी.

दोऱ्याने नळ्या बाहेर ओढा, इंधनाची कार्ब्युरेटरला, हवेची मफलरच्या निपलला. अदलाबदल झाली तर इंजिन फक्त प्रायमिंगवर, म्हणजे स्टार्टआधी आत घातलेल्या इंधनावर, दोन सेकंद चालून बंद पडतं. नळ्या कुठे दुमडल्या नाहीत ना ते टॉर्च मारून बघा.

१०. पहिलं स्टार्ट

भरताना दोन्ही नळ्या सोडा, कार्ब्युरेटरच्या नळीतून भरा, हवेच्या नळीतून इंधन बाहेर आलं की टँक फुल. हवेची नळी मफलरला तशीच ठेवून भरलं तर जास्तीचं इंधन मफलरमधून इंजिनमध्ये शिरतं, वरून स्टार्टर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. हाताने प्रोपेलर फिरवताना अडल्यासारखं वाटलं तर प्लग काढून इंधन बाहेर काढा, जोर लावू नका.

नीडल जुन्या जागेवर सोडू नका. हवा शिरत असताना तुम्ही ती उघडत नेलेली असते, आता तीच सेटिंग फार रिच, म्हणजे जास्त इंधनाची, होईल. कंपनीच्या कागदावरच्या फेऱ्यांवर परत या, तिथून ट्यून करा, मग फुल थ्रॉटलवरून किंचित रिच. परत नाक वर करून टेस्ट, एकदा टँक फुल असताना आणि एकदा पाव टँकवर. पाव टँकवर पास झालं तरच उडवा.

उडवून झालं की टँक रिकामा करून घरी न्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विमानं माळ्यावर पडून असतात, तेवढ्यात आतलं एरंडेल चिकट गोंद होऊन क्लंक तळाला चिकटतो, आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं ते वेगळंच. मी दसऱ्याला हत्यारांच्या पूजेआधी सगळ्या विमानांच्या क्लंकच्या नळ्या बदलतो, जुन्या चांगल्या दिसत असल्या तरी, आणि मग टँकला झेंडूचं फूल.